एका बाजूने भिंत, दुसऱ्या बाजूने सपाटी

पुण्याहून लोणावळ्याला निघालात तर वाटेत घाट लागत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, लोणावळा ६२० च्या आसपास. साठ-पासष्ट किलोमीटरच्या रस्त्यात चढ जेमतेम साठ मीटरचा, गाडीला तो जाणवतही नाही. खंडाळा ओलांडला की मात्र एकाएकी जमीनच संपते. समोर खोल दरी, आणि तळाशी खोपोली, समुद्रसपाटीपासून फार तर साठ-सत्तर मीटर उंचीवर.

मुंबईहून येणाऱ्याला जो अजस्र डोंगर आडवा दिसतो, तो पुण्याहून जाणाऱ्याला डोंगर म्हणून दिसतच नाही. त्याच्या वाट्याला फक्त उतरण येते. रेल्वेलाही हा फरक ठाऊक आहे. मुंबईहून येणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात आणि तिथे सुटी होतात, कारण पुढे पुण्यापर्यंत ढकलण्यासारखं काही उरत नाही.

डोंगर म्हटला की एका अंगाने चढायचं आणि दुसऱ्या अंगाने उतरायचं. सह्याद्रीत चढून गेलं की बऱ्याच ठिकाणी उतरायला दुसरी बाजूच नसते. हे समजून घ्यायचं तर जुन्या घराचं जोतं डोळ्यासमोर आणा. अंगणात उभं राहून पाहिलं तर कमरेएवढी दगडी भिंत दिसते. ओसरीवर बसलेल्याला भिंत दिसत नाही, नुसती जमिनीची कड दिसते. कोकण म्हणजे अंगण, देश म्हणजे ओसरी आणि सह्याद्री म्हणजे त्या जोत्याची कड. मराठीने हे केव्हाच ओळखलेलं आहे. वरच्या मुलखाला आपण ‘घाटमाथा’ म्हणतो, आणि कोकणातला माणूस पुणे-साताऱ्याकडे जातो तेव्हा ‘घाटावर’ जातो, घाटापलीकडे नाही.

जोतं कशाचं, याचं उत्तर सोपं आहे: लाव्ह्याचं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ, तप्त रस बाहेर येत राहिला. ज्वालामुखी म्हटल्यावर डोळ्यासमोर येणारा धुराड्याचा शंकू इथे नव्हता. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावं, तसा हा रस शेकडो किलोमीटर पसरला, थिजला, मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. आज शिल्लक असलेलं हे काळ्या कातळाचं आवरण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचं आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ सापळ्याचा नव्हे, तो पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आणि पायऱ्या आहेतच. पावसाळ्यात माळशेज किंवा ताम्हिणीत कुठल्याही डोंगराकडे पाहा: उभा कडा, मग हिरवी आडवी पट्टी, मग पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. प्रत्येक पट्टीवर धुकं अडकलेलं असतं, त्यामुळे त्या मोजताही येतात.

पायऱ्या पडण्याचं कारण थरांच्या आत आहे. लाव्ह्याचा थर सगळीकडे सारखा थिजत नाही. त्याचा मधला भाग सावकाश गार होतो, त्यामुळे घट्ट आणि ठोस बनतो. वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि दगड जाळीदार होतो. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साचतात. डोंगरात फिरताना सापडणाऱ्या पांढऱ्या, चमकदार गारगोट्या बऱ्याचदा त्याच असतात. दोन उद्रेकांच्या मधे कधी इतका काळ जायचा की थराचा माथा कुजून माती व्हायची. पुढचा तप्त थर त्या मातीवर आला की ती भाजून विटेसारखी लाल व्हायची. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या कातळात ही लाल रेघ स्वच्छ दिसते. भूशास्त्रज्ञ तिला ‘रेड बोल’ म्हणतात. गाडी चालवत नसाल तर जरूर शोधा.

ठोस दगड उभा तुटतो, त्याचा कडा होतो. जाळीदार, कुजका भाग झिजून मागे सरकतो, त्याची पायरी होते. सह्याद्रीचे किल्ले या एका गोष्टीवर उभे आहेत. वरचा कडा म्हणजे आयता तट, त्याच्या खालची रुंद पायरी म्हणजे माची, आणि माथ्यावर उरलेला शेवटच्या थराचा तुकडा म्हणजे बालेकिल्ला. राजगडाच्या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला पाहताना बांधणाऱ्यांच्या कौशल्याला दाद द्यावीच लागते. पण नकाशाचा कच्चा खर्डा त्यांच्या हाती दगडानेच दिला होता. लेणी कोरणाऱ्यांनी त्याही आधी हे दगड वाचले होते. कार्ले, भाजे, जुन्नर इथली लेणी आडव्या, जाड थरांत आहेत, म्हणून एवढी मोठी छतं खांबांच्या आधाराशिवायही टिकली. लेण्यांच्या बाजूला कोरलेली पाण्याची टाकी असतात, शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलेलं आहे. आजही भर एप्रिलमध्ये त्यांतल्या काहींत गार पाणी मिळतं. त्याचं कारण पुढे येईल.

कड तुटली कुठे?

शाळेत आपण शिकलो की पश्चिमेकडची जमीन समुद्रात खचली आणि उरलेली उभी कड म्हणजे सह्याद्री. हे अर्धं बरोबर आहे. लाव्ह्याच्या काळातच भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता आणि त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा त्याच्यापासून सुटला. त्या ताणात पश्चिम किनारा तुटला, काही भाग खचला. पनवेलच्या परिसरात एरवी आडवे असणारे थर समुद्राकडे झुकलेले दिसतात, ती त्या घडामोडीची खूण आहे. कोकणातली गरम पाण्याची कुंडंही एका साधारण उत्तर-दक्षिण ओळीत आहेत: वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, आरवली, तुरळ आणि थेट राजापूरपर्यंत. जमिनीतल्या खोल भेगांतून पाणी आत जातं, तापतं आणि वर येतं.

पण ही मोडतोड किनाऱ्यालगतची, आणि आजचा कडा तिथून तीस-चाळीस, कुठे साठ किलोमीटर आत आहे. मग मधला डोंगर गेला कुठे? झिजला. कडा दर पावसाळ्यात थोडाथोडा ढासळत पूर्वेकडे मागे सरकत आला. खालची मऊ पायरी पोखरली जाते, वरचा ठोस थर अधांतरी राहतो आणि एके दिवशी कोसळतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला आहे, तो या अधांतरी अवस्थेचाच भव्य नमुना.

या माघारीचा मला सर्वात पटणारा पुरावा म्हणजे मागे राहिलेले तुकडे. माथेरान, प्रबळगड, मलंगगड, माहुली हे सगळे कोकणात, मुख्य रांगेपासून सुटून उभे आहेत. माथेरानची उंची ८०० मीटरच्या आसपास, माथा सपाट, आणि कड्यांत तेच एकावर एक रचलेले आडवे थर. भिंत मागे हटत गेली आणि हे बुरूज जागेवरच राहिले. मुंबईच्या लोकलमधून मलंगगडाचे सुळके पाहताना सह्याद्री एकेकाळी इथपर्यंत होता, हे कुणाच्या मनात येत नाही.

कडा मागे ढकलायचं काम नद्यांनी केलं, आणि तेही पक्षपाताने. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतल्या कृष्णा आणि सावित्री या दोघींची तुलना करा. सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली येते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला पोहोचते. दोघींना उतरायची उंची जवळपास सारखीच, पण एकीने ती जिन्यावरून उडी मारावी तशी उतरायची आणि दुसरीने लांबलचक उतारावरून रमतगमत. कुणाच्या पाण्यात दगड फोडायचा जोर जास्त असेल हे सांगायला नको. गोदावरीचीही गोष्ट हीच. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण ती जाते उलटी, १४६५ किलोमीटरच्या वाटेने.

कोकणातल्या या जोरकस नद्या आपल्या उगमाकडे, म्हणजे पूर्वेकडे, डोंगर खात जातात. त्यामुळे पाणलोटाची सीमा पूर्वेकडे सरकते आणि देशावरच्या नद्यांची डोकी छाटली जातात. लोणावळ्याच्या परिसरात हे बघायला मिळतं. इंद्रायणीचं खोरं उगमापाशीच विलक्षण रुंद आहे. एवढं रुंद खोरं एवढ्याशा ओढ्याने कोरलेलं नसणार. त्याचा वरचा भाग पश्चिमेला होता, तो कड्याबरोबर नाहीसा झाला. रुंद खोरं सरळ कड्यापर्यंत येतं आणि हवेत संपतं. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या पूर्वेकडे उघडणाऱ्या दऱ्यांत उभं राहून पश्चिमेला पाहिलं की हे जास्त नीट कळतं. कड्याच्या जवळ जावं तशी दरी अरुंद व्हायला हवी, इथे ती तशी होत नाही.

माणसानेही हीच चोरी बोगद्यांनी केली. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी स्वभावाने पूर्वेला जातं. ते अडवून पश्चिमेला कड्याखाली सोडलं तर अर्धा किलोमीटर उंचीचा धबधबा फुकट मिळतो. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून याच तत्त्वावर चालतं, भिवपुरी आणि भिरा त्यानंतरची. कोयनेचा डाव सर्वांत मोठा. ही नदी महाबळेश्वरहून निघून बरंच अंतर कड्याला समांतर दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. कड्याच्या इतक्या जवळून वाहणाऱ्या नदीचं पाणी डोंगराच्या पोटातून कड्याखालच्या पोफळीकडे काढलं की ते वाशिष्ठी नदीत उतरतं आणि बंगालच्या उपसागराऐवजी अरबी समुद्राला जातं. धरण भरल्यावर या भागात भूकंपाचे धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. जलाशयाच्या भाराने आणि भेगांत शिरलेल्या पाण्याने भूकंपाला चालना मिळते याचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचं नाव घेतलं जातं.

पाऊस आणि त्यानंतरचा उन्हाळा

जोत्याच्या कडेचा सर्वांत ठळक परिणाम ढगांवर होतो. नैऋत्य मोसमी वारे समुद्रावरून ओलेचिंब येतात, कड्यावर आदळतात, आणि त्यांना वर चढावंच लागतं. वर चढताना हवा प्रसरण पावते, गार होते; बाष्पाने भरलेली हवा दर किलोमीटरला पाच-सहा अंशांनी थंड होते. गार हवेत बाष्प मावत नाही, ते पाऊस होऊन पडतं. माथा ओलांडला की तीच हवा खाली उतरते, तापते, कोरडी होते. सुकत घातलेली गोधडी पिळली, आता थेंब कुठून येणार?

आकडे पाहिले की हा खेळ किती थोड्या जागेत चालतो ते कळतं. किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे. तिथून तीसेक किलोमीटरवर वाई, तिथे सातशे-आठशे. आणखी पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, तोही आला तर. एकाच सातारा जिल्ह्यात एका टोकाला जळवांनी पाय भरतात आणि दुसऱ्या टोकाला चाराछावण्या लागतात.

खरी कोड्याची गोष्ट निराळी आहे. जिथे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच घाटमाथ्यावरच्या वाड्यांत मार्चनंतर बायका डोक्यावर हंडे घेऊन मैलभर चालतात, टँकरची वाट बघतात. ज्याने तिथला जुलै पाहिला आहे त्याला हे खोटं वाटतं. पण उत्तर पुन्हा दगडातच आहे. ठोस बसाल्टला, म्हणजे या काळ्या कातळाला, वाळूच्या दगडासारखी सच्छिद्रता नाही. पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि कुजलेल्या पट्ट्यांत. उतार तीव्र, वर माती कमी, त्यामुळे पडलेलं बहुतेक पाणी काही तासांत खाली पळतं. जे थोडं मुरतं ते भेगांतून उतरत उतरत लाल मातीच्या थरापर्यंत येतं. तो थर पाण्याला सहज खाली जाऊ देत नाही, मग ते आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याशी झरा म्हणून बाहेर पडतं. एप्रिलमधलं टाक्यातलं गार पाणी बऱ्याचदा असंच झिरपून आलेलं असतं. टाकं खोदणाऱ्याला भूशास्त्र शिकवलेलं नव्हतं, पण कातळ कुठे पाझरतो हे तो पक्कं जाणत होता.

जांभा आणि सडे

आतापर्यंत मी जोत्याचा वरचा भाग सपाट असल्यासारखं लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. वाईहून पाचगणीला जायला पसरणीचा घाट चढावाच लागतो. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा १४३८ मीटरच्या आसपास आहे, देशाच्या सपाटीपेक्षा कितीतरी वर. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, तर कड्यापासून चांगलंच आत पूर्वेला आहे. मुख्य कडेतून पूर्वेला रांगा फुटतात: सातमाळा, हरिश्चंद्र-बालाघाट, शंभू महादेव. तापी, गोदावरी, भीमा आणि कृष्णा यांनी आपली खोरी कोरली, आणि त्यांच्या मधे जे न कोरलेलं उरलं त्या या रांगा. म्हणजे मूळची ओसरी आणखी उंच होती, आज आपण ज्याला देश म्हणतो तीच खालची पायरी आहे.

त्या जुन्या उंच ओसरीचे तुकडे ओळखायची सोपी खूण म्हणजे जांभा. पाचगणीचं टेबललँड, कास, महाबळेश्वर, या सगळ्यांच्या माथ्यावर तांबड्या, भोकाभोकांच्या दगडाची टोपी आहे. उष्ण आणि अतिपावसाच्या हवेत कातळ लाखो वर्षं कुजत राहिला की त्यातली सिलिका पाण्याबरोबर धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. हवेत ते घट्ट होतं. म्हणून खाणीतून काढताना जांभ्याचा चिरा कुऱ्हाडीने तासता येतो, आणि भिंतीत बसल्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णनात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, खालच्या पातळीवरचे, पण दगड तोच.

सड्यावर माती बोटभर, ती पावसात साबणासारखी धुऊन जाणारी, आणि तिच्यात खायला जवळजवळ काही नाही. झाडाला मूळ घालायला जागा नाही. म्हणूनच तिथे चार महिन्यांत जन्मून, फुलून, मरून जाणारी इवली झुडपं राज्य करतात. कासच्या निळ्या-जांभळ्या गालिच्यात ‘सीतेची आसवं’ हे फूल असतं. ती वनस्पती बारीक किडे पकडून खाते, कारण तिला जमिनीतून पोषण मिळत नाही. लोक त्या गालिच्यात लोळून फोटो काढतात तेव्हा मला त्या बोटभर मातीची काळजी वाटते.

काळ्या कातळाचं हे राज्य दक्षिणेला सिंधुदुर्ग-गोव्याच्या आसपास संपतं. पुढे पश्चिम घाट चालूच राहतो, पण त्याचा दगड कितीतरी जुना, स्फटिकी, आणि डोंगर पायऱ्यांचे नसून गोलसर, खांदे असलेले. पश्चिम घाटातलं सर्वांत उंच शिखर, केरळातलं २६९५ मीटरचं अनामुडी, त्या वेगळ्या जगातलं आहे. त्यावर लिहायचं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

इथे पायऱ्यांकडेच परत येतो, कारण त्यांच्यावर माणसं राहतात. घाटातली वाडी कुठे वसलेली असते ते एकदा नीट बघा. कड्यावर नाही, दरीच्या तळाशी क्वचित. बहुतेकदा ती दोन कड्यांच्या मधल्या उतरत्या पट्टीवर असते. माती तिथेच साचते, कारण वरच्या कड्याची झीज तिथे येऊन थांबते. पाणी तिथेच निघतं, कारण लाल थराचा झरा कड्याच्या पायथ्याशी फुटतो. भात लावायला थोडी सपाटी तिथेच मिळते. पायरीवर माती, पायरीवर झरा, म्हणून पायरीवर गाव.

पण ही माती म्हणजे कुजलेल्या दगडाचा सैल ढीग, आणि तिच्याखाली पाणी खाली जाऊ न देणारा कातळ. जुलैमध्ये सलग काही दिवस पाऊस कोसळला की पाणी या दोहोंच्या मधे कोंडतं. माती जड होते, तिची पकड सुटते आणि सगळा उतार एकदम घसरतो. उतार सपाट करायला खोदला, झाडं तोडली, रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापला तर ते लवकर होतं. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला असं गेलं, महाड तालुक्यातलं तळीये २२ जुलै २०२१ ला, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, काही आठवडे पाऊस मुरल्यानंतरच्या.

जीव अशा उतारावरून हलवता येतो. पण हलवायचं कुठे, हा प्रश्न वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाने विचारला की नकाशा घेऊन आलेला साहेबही क्षणभर थांबतो. खाली सपाटीवर जागा असते, तिथे झरा नसतो.